चाहत्यांचा आखाडा, परक्यांचे मल्ल

मारिओ आणि सोनिक यांची झुंज लावली तर जिंकेल कोण? विसाव्या शतकाच्या अखेरीस जपान-अमेरिकेत वाढलेल्या मुलांच्या एका पिढीला हा प्रश्न खरोखरच पडत असे. मारिओ निन्टेंडोचा, सोनिक सेगाचा आणि दोन्ही कंपन्या बाजारात एकमेकींच्या कट्टर स्पर्धक. त्यामुळे खेळून उत्तर मिळवण्याची सोय नव्हती. टीव्हीला जोडून कॅसेट घालायच्या स्वस्त व्हिडिओ गेममधून मारिओ आपल्याकडेही घरोघरी पोहोचला होता. तेव्हा ही उत्सुकता मराठी वाचकाला अगदीच परकी वाटू नये. मुले मग वहीच्या मागच्या पानावर आपला आखाडा आखत. कोणते मल्ल, कोणते डाव, कोणते मैदान, सारे काही त्यात ठरलेले असे. नसे ती फक्त परवानगी.

निरनिराळ्या खेळांतील, प्रसंगी निरनिराळ्या मालकांची पात्रे एकत्र आणण्याला ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात. अशी पात्रे एकमेकांशी झुंजतात त्या खेळांतील एक प्रकार ‘प्लॅटफॉर्म फायटर’ या नावाने ओळखला जातो. त्याचा पाया घातला तो ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ने. निन्टेंडो ६४ या यंत्रासाठी हा खेळ २१ जानेवारी १९९९ रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झाला. मारामारीच्या नेहमीच्या खेळात प्रत्येक मल्लाच्या नावे प्राणशक्तीची पट्टी असते आणि ती संपली की तो हरतो. स्मॅशमध्ये ही पट्टीच नाही. मार बसेल तसा टक्केवारीचा आकडा चढत जातो आणि आकडा जितका मोठा तितका पुढचा फटका मल्लाला दूर भिरकावतो. अधांतरी तरंगणाऱ्या मंचावरून प्रतिस्पर्ध्याला पडद्याबाहेर घालवायचे, एवढेच उद्दिष्ट. भिरकावला गेलेला मल्ल हवेतल्या हवेत पुन्हा उडी घेऊन मंचाची कड गाठू शकतो आणि खरी रंगत या परतीच्या धडपडीतच असते. आपल्या कुस्तीपेक्षा जपानी सुमोशी या खेळाचे नाते अधिक जवळचे म्हणायला हवे.

डाव टाकण्याची रीतही सोपी आहे. बटणांच्या लांबलचक जुळण्या पाठ कराव्या लागत नाहीत. एक दिशा आणि एक बटण पुरते. त्यामुळे प्रत्येक मल्लाचा आराखडा एका ठरीव चौकटीत बसतो: चार विशेष डाव, हवेत मारायचे पाच फटके, चार दिशांना फेकण्याचे चार प्रकार, शिवाय २००८ पासून एक अंतिम महाप्रहार. चाहत्यांच्या कल्पनेला धुमारे फुटले ते या चौकटीमुळेच. ती एखाद्या कोऱ्या अर्जासारखी आहे. आवडते पात्र घ्यावे आणि एकेक रकाना भरत जावे. पण हे वाटते तितके सोपे नसते. वरच्या दिशेच्या विशेष डावाने मल्लाला मंचावर परत आणलेच पाहिजे, हा जवळजवळ नियम आहे. मग ज्याला उडता येत नाही, त्याचे काय करायचे? ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ या शांत, शेजारधर्माच्या खेळातला खेडूत २०१४ मध्ये स्मॅशमध्ये आला, तेव्हा त्याला डोक्यावर दोन फुगे बांधून वर नेण्यात आले. चाहत्यांचे चांगले आराखडे आणि केवळ नावांच्या याद्या यांतला फरक अशाच जागी कळतो.

दुसरी अडचण गणिताची आहे. पहिल्या स्मॅशमध्ये १२ मल्ल होते, म्हणजे जोड्या ६६. मल्ल ५० केले तर जोड्या १२२५ होतात आणि यांतल्या कोणत्याही जोडीत एकाची बाजू फार जड होता कामा नये. वहीतल्या आखाड्यात शंभर मल्ल सुखाने नांदतात. प्रत्यक्ष खेळ करायला बसले की एकेका मल्लाची शेकडो चित्रे काढावी लागतात आणि प्रत्येक फटक्याचा वेग, पल्ला, जोर तपासावा लागतो. काम वर्षानुवर्षांचे, तेही बहुधा विनावेतन.

गंमत अशी की, ज्या अधिकृत खेळापासून हे सारे सुरू झाले त्याचा जन्मही परवानगीवाचूनच झाला होता. हॅल लॅबोरेटरी या कंपनीत काम करणाऱ्या मासाहिरो साकुराई यांनी चार जणांनी खेळायच्या झुंजीचा एक नमुना तयार केला. त्याची संगणकीय आज्ञावली लिहिण्याचे काम सातोरू इवाता यांनी, शनिवार-रविवारची सुट्टी खर्ची घालून, केले. हेच इवाता पुढे २००२ मध्ये निन्टेंडोचे अध्यक्ष झाले. आरंभीच्या नमुन्यातील मल्लांना ना चेहरा होता ना नाव. अनोळखी मल्लांचा खेळ खपणार नाही हे ओळखून साकुराई यांनी मारिओ, डाँकी काँग, सॅमस आणि फॉक्स यांना त्यात उतरवले. निन्टेंडो ही कल्पना मान्य करणार नाही अशी धास्ती असल्याने खेळ नीट जमून येईपर्यंत त्यांनी तो दाखवलाच नाही. अर्थात हॅल ही निन्टेंडोच्या घरातलीच कंपनी. घरातल्या मुलाने न विचारता कपाट उघडले तर ओरडा बसतो, बाहेरच्याने उघडले तर गोष्ट निराळी होते.

बाहेरच्यांनीही ते उघडले. २००६ मध्ये ‘मॅक्लाउडगेमिंग’ या हौशी मंडळाने ‘सुपर स्मॅश फ्लॅश’ प्रसिद्ध केला. ब्राऊजरमध्ये हलती चित्रे आणि छोटे खेळ चालवणारे फ्लॅश हे साधन तेव्हा सर्वत्र होते. ना महागडे यंत्र लागे, ना डिस्क. एकाच कीबोर्डवर दोघांनी दाटीवाटीने बसून खेळायचे. चित्रे बरीचशी अन्य खेळांतून उचललेली, हालचाली ओबडधोबड. पण यादी पाहावी! मारिओच्या शेजारी सोनिक, ‘फायनल फँटसी’चा क्लाउड, मेगा मॅन एक्स आणि चक्क जपानी चित्रमालिकांतले नारुतो नि इनुयाशा. सोनिक अधिकृत स्मॅशमध्ये आला २००८ मध्ये, मूळ मेगा मॅन २०१४ मध्ये आणि क्लाउड २०१५ मध्ये. चाहत्यांचा हौशी आखाडा या बाबतीत कंपन्यांच्या वाटाघाटींच्या काही वर्षे पुढे होता.

याच मंडळाचा पुढचा खेळ ‘सुपर स्मॅश फ्लॅश २’ मात्र हौसेच्या पातळीवर राहिला नाही. मल्लांची चित्रे ठिपक्याठिपक्याने नव्याने काढली गेली, हालचालींची यंत्रणा पुन्हा लिहिली गेली आणि २०१७ मध्ये तो बीटा टप्प्याला पोहोचला. गोकू, लुफी, बाँबरमॅन हे एकाच मंचावर उतरले. खेळ पूर्णतः मोफत होता, आणि मोफत असणे हीच त्याची मर्यादाही होती. दहा वर्षांहून अधिक काळ राबलेल्या माणसांना आपल्या कामाची एक प्रतसुद्धा विकता येत नव्हती, कारण ज्यांच्या जोरावर लोक खेळाकडे येत ते मल्ल त्यांचे नव्हते. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबी कंपनीने फ्लॅशचा आधारच काढून घेतला. संगणकावर उतरवून घेण्याची स्वतंत्र आवृत्ती आधीपासून असल्याने हा खेळ त्यातून वाचला. त्या काळातले असंख्य छोटे खेळ वाचले नाहीत.

दुसरी वाट होती अधिकृत खेळच उघडून दुरुस्त करण्याची. २००१ चा ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेले’ (या नावाचा उच्चार मराठी कानाला जरा विचित्र वाटतो, पण त्याला इलाज नाही) आपल्या वेगामुळे स्पर्धकांच्या गळ्यातला ताईत झाला होता. त्यानंतरचा २००८ चा ‘ब्रॉल’ मुद्दाम संथ करण्यात आला. मल्ल धावता धावता मध्येच, निव्वळ योगायोगाने, ठेचकाळून पडत. जिंकण्यासाठी सराव करणाऱ्यांना हे रुचणे शक्यच नव्हते. त्यातून ‘प्रोजेक्ट एम’ उभा राहिला. त्याची पहिली चाचणी आवृत्ती २०११ मध्ये आली. ब्रॉलची मूळ डिस्क यंत्रात घालायची आणि बदल मेमरी कार्डावरून चढवायचे, अशी योजना होती. ब्रॉलमध्ये खेळाडूंना स्वतःची मैदाने रचण्याची जी सोय होती, तिच्यातील एका पळवाटेचा त्यासाठी उपयोग केला गेला. मेलेचा वेग परत आला. ब्रॉलमधून वगळले गेलेले म्यूटू आणि रॉय हे मल्लही परतले. मोठ्या स्पर्धांतून त्याचे सामने होऊ लागले. कंपनीच्या खेळापेक्षा चाहत्यांची दुरुस्ती सरस, असे उघडपणे म्हटले जाऊ लागले आणि निदान स्पर्धकांच्या बाबतीत ते खोटे नव्हते.

१ डिसेंबर २०१५ रोजी संघाने काम थांबवत असल्याचे जाहीर केले आणि खेळ उतरवून घेण्याचे दुवेही काढून टाकले. ज्यांच्याकडे प्रती होत्या त्यांनी त्या जपल्या. इतरांनी पुढे ‘प्रोजेक्ट प्लस’ या नावाने ते काम चालू ठेवले. पण मूळ संघाच्या श्रमांवर त्या संघाचा कायदेशीर हक्क असा काहीच उरला नव्हता.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. खेळाच्या कल्पनेवर, म्हणजे टक्केवारी, भिरकावणे, मंचाबाहेर घालवणे यांवर, कोणाचा स्वामित्वहक्क नसतो. कल्पनेच्या विशिष्ट अभिव्यक्तीवर तो असतो. मारिओचा चेहरा, त्याचा आवाज, त्याचे संगीत ही अभिव्यक्ती होय. चाहत्याने वहीत काढलेल्या आराखड्याच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. मात्र त्याचा चालता खेळ झाला की धन्याची नजर वळते. ऑगस्ट २०१६ मध्ये ‘मेट्रॉइड २’ या जुन्या खेळाचे एका चाहत्याने कित्येक वर्षे खपून केलेले पुनर्निर्माण प्रसिद्ध झाले आणि काही दिवसांतच निन्टेंडोच्या कायदेशीर सूचनेमुळे ते संकेतस्थळांवरून उतरवावे लागले. कंपनीने स्वतः केलेले त्याच खेळाचे पुनर्निर्माण सप्टेंबर २०१७ मध्ये बाजारात आले. कंपनीचा हक्क निर्विवाद होता. तरीही त्या चाहत्याची चिकाटी आठवली की मन तितके निर्विवाद राहत नाही.

कंपनीला चाहत्यांच्या कल्पना नकोच असतात, असेही नाही. एप्रिल ते ऑक्टोबर २०१५ या काळात निन्टेंडोने, स्मॅशमध्ये कोण यावे, याचे जाहीर मतदान घेतले. त्यानंतर बायोनेटा हे पात्र आले, आणि २०१८ च्या ‘अल्टिमेट’मध्ये रिडली व किंग के. रूल हे वर्षानुवर्षे मागणी असलेले खलनायकही आले. याद्या मान्य होत्या, आराखडेही बहुधा वाचले जात असावेत. हरकत होती ती यादी करणाऱ्याने स्वतःच हातोडी उचलण्याला.

यावर ज्यांनी तोड काढली, त्यांनी उसने मल्ल सोडून दिले. डॅन फोर्नेस या अमेरिकी खेळरचनाकाराने २०११ मध्ये ‘सुपर स्मॅश लँड’ नावाचा, जुन्या गेम बॉयच्या हिरवट पडद्याची आठवण करून देणारा मोफत खेळ केला होता. त्यात मल्ल निन्टेंडोचेच होते. पुढे त्याने तीच जाण वापरून ‘रायव्हल्स ऑफ एथर’ रचला. २०१७ मध्ये पूर्णत्वास गेलेल्या या खेळात मल्ल स्वतःचे, पंचमहाभूतांची आठवण करून देणारे: आग, पाणी, हवा, पृथ्वी. हा खेळ विकता आला. त्याच्या जोरावर ओरी आणि शॉव्हल नाइट हे अन्य खेळांतील पाहुणे रीतसर परवानगीने आणता आले आणि २०२४ मध्ये दुसरा भागही निघाला.

मॅक्लाउडगेमिंगनेही हीच दिशा धरली. २०२० मध्ये लोकवर्गणीसाठी जाहीर झालेला त्यांचा ‘फ्रेमेकर्स’ जानेवारी २०२३ मध्ये प्राथमिक स्वरूपात विक्रीस आला. तोही क्रॉसओव्हरच आहे, फक्त पात्रे छोट्या, स्वतंत्र निर्मात्यांची आणि त्यांच्या संमतीने घेतलेली: ‘बिट.ट्रिप’चा कमांडर व्हिडिओ, माणसाचे सोंग घेऊन संसार करणारा ऑक्टोडॅड, ‘डाउनवेल’चा वेलतारो आणि फोर्नेसच्या खेळातला ऑर्केन. गोकू-मारिओच्या मानाने ही नावे फिकी वाटतील. मोठी नावे म्हणजे दीर्घायुष्य, असे मात्र समजू नये. बॅटमॅन, बग्स बनी अशी वॉर्नर ब्रदर्सच्या मालकीची पात्रे असलेला ‘मल्टिव्हर्सस’ २०२२ मध्ये गाजावाजात अवतरला आणि मे २०२५ मध्ये त्याची सेवा बंदही झाली.

फ्रेमेकर्ससोबत एक साधनही दिले जाते, ज्याने खेळणाऱ्याला स्वतःचा मल्ल घडवता येतो. रायव्हल्समध्ये अशी सोय त्याआधीच आली होती. चाहत्यांनी तिथे काय घडवले, ते पाहण्याजोगे आहे. काहींनी अगदी स्वतंत्र, देखणी पात्रे रचली. अनेकांनी मात्र लगोलग पुन्हा आपल्या आवडीचे, परक्या मालकीचे मल्ल आणून उभे केले आणि एकाने तर बर्गर विकणाऱ्या रोनाल्ड मॅक्डोनल्डलाही आखाड्यात उतरवले.