ठिपका कोणाचा?

१९३९ सालच्या सप्टेंबर महिन्याची ६ तारीख. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारल्याला अवघे तीन दिवस झाले होते. सकाळी सव्वासहाच्या सुमारास इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यालगत, एसेक्स परगण्यातील मर्सी बेटावरच्या प्रकाशझोत तुकडीने अनोळखी विमाने येत असल्याची वर्दी दिली. वर्दी खोटी होती. पण नॉर्थ वील्डच्या तळावरून हरिकेन विमाने उडाली आणि तीही कोणाला तरी शत्रूची वाटली. म्हणून आणखी विमाने पाठवण्यात आली. जितकी आपली विमाने वर जात, तितका शत्रू वाढल्याचा भास होई! अखेर हॉर्नचर्चहून निघालेल्या स्पिटफायर विमानांनी मागाहून येणाऱ्या दोन हरिकेनांवर गोळ्या झाडल्या. एक वैमानिक वाचला. दुसरा, माँटेग्यू हल्टन-हॅरप, ठार झाला. त्या महायुद्धात फायटर कमांडने गोळीबारात गमावलेला हा पहिला वैमानिक. आणि स्पिटफायरने पाडलेले पहिले विमान म्हणजे ब्रिटिशांचेच हरिकेन. गोळ्या झाडणाऱ्या दोघांवर लष्करी खटला चालला व ते निर्दोष सुटले. या साऱ्या प्रकाराला पुढे उपहासाने ‘बार्किंग क्रीकची लढाई’ असे नाव पडले.

वाचकांना वाटेल, तेव्हा रडार नसेल. पण ते होते! १९३५च्या फेब्रुवारीत रॉबर्ट वॉटसन-वॅट आणि त्यांचे सहकारी आर्नोल्ड विल्किन्स यांनी डॅव्हेन्ट्री येथील बीबीसीच्या रेडिओलहरींच्या साहाय्याने सुमारे आठ मैलांवरचे विमान ओळखून दाखवले होते. युद्ध सुरू होईतो इंग्लंडच्या पूर्व व दक्षिण किनाऱ्यांवर ‘चेन होम’ नावाच्या ठाण्यांची साखळी उभी राहिली होती. लोखंडी मनोरे ३६० फूट उंच, लाकडी २४० फूट. डोळ्यांना दिसण्यापूर्वीच विमान ‘दिसू’ लागले होते. घोडे अडले होते ते दुसरीकडेच. काहीतरी आहे हे कळणे निराळे, आणि ते कोण आहे हे कळणे निराळे. मला या लेखात या दुसऱ्या गोष्टीचाच इतिहास सांगायचा आहे, कारण पहिल्याचे पोवाडे पुष्कळ झाले आहेत.

चेन होमच्या ठाण्यातील मुलीसमोर काचेवर एक आडवी उजळ रेघ असे. विमानावरून परतलेली लहर आली की त्या रेघेला एक खाच पडे. खाच कोठे पडली यावरून विमानाचे अंतर कळे, आणि तेही चांगले अचूक. दिशा मात्र काही अंशांनी इकडेतिकडे होई. शिवाय पाठीमागून, म्हणजे जमिनीकडून आलेली लहर पुढून आल्यासारखी वाटण्याचा धोका होता. त्यासाठी वेगळी कळ फिरवून खात्री करावी लागे. त्या ६ सप्टेंबरला मागच्या आकाशात चढणारी आपलीच विमाने समुद्रावरून येणारी वाटली, असे या घटनेच्या इतिहासात सांगितले जाते.

यावर उपाय होता लंडनजवळ स्टॅनमोर येथील बेंटली प्रायरी या जुन्या वाड्यात. तेथे फायटर कमांडचे मुख्य ठाणे होते आणि त्याचे प्रमुख होते ह्यू डाउडिंग. मितभाषी, थोडे तुसडे म्हणून प्रसिद्ध असलेला हा गृहस्थ. पण त्यांनी जी व्यवस्था उभारली ती मला प्रत्यक्ष रडारपेक्षाही मोठी वाटते. या व्यवस्थेचे काळीज म्हणजे ‘फिल्टर रूम’, अर्थात गाळणीची खोली. मधोमध भले मोठे टेबल, त्यावर किनाऱ्याचा नकाशा, भोवती कानाला श्रवणयंत्र लावलेल्या मुली. प्रत्येकीच्या कानात एकेका ठाण्याचा आवाज. ठाण्याकडून आकडे आले की ती टेबलावर रंगीत चकती ठेवी. रंगही उगाच नव्हे. भिंतीवरच्या घड्याळात पाच-पाच मिनिटांचे लाल, पिवळे व निळे भाग रंगवलेले असत; काटा ज्या रंगात, त्या रंगाची चकती. म्हणजे बातमी ताजी की शिळी, हे नजरेलाच कळे. जुन्या रंगाच्या चकत्या उचलून घेत. बातमीला असा रंग देण्याची युक्ती ज्याला सुचली, त्याच्या डोक्याला दाद द्यावी तेवढी थोडी.

आता खरी मेख. एकच विमान तीन ठाण्यांना दिसले तर टेबलावर तीन चकत्या पडत, त्याही तीन जागी. ही तीन विमाने की एक? येथे ‘फिल्टरर’ नावाचा अधिकारी वाकून पाही. दिशा खोटी पण अंतर खरे हे त्याला ठाऊक असे. म्हणून तो दोन ठाण्यांपासूनच्या अंतरांचे कंस मनातल्या मनात काढी आणि ते जेथे छेदत तेथे विमान मानी. आपल्या मुलांना कंपासपेटीतील कैवाराने करायला सांगतो तीच रचना! पण दोन विमाने असली की? पहिल्या ठाण्याचे दोन कंस आणि दुसऱ्याचे दोन कंस समुद्रावर चार ठिकाणी छेदू शकतात. दोन छेद खरे, दोन भुते. भूत कोणते ते त्या क्षणी कोणतीच भूमिती सांगत नाही. मात्र थोडा वेळ थांबले, तर खरी विमाने समजुतीने सरळ चालतात आणि भुते विमानाला न शोभणाऱ्या चाली करू लागतात. पण थांबायचे किती? तिकडे वैमानिक हुकुमाची वाट पाहत विमानाशेजारी बसलेले. शंभरांचे थवे येऊ लागले तेव्हा, १९४०च्या त्या उन्हाळ्यात, हा निर्णय काही सेकंदांत घ्यावा लागे, आणि तो चुकला की त्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागे. पुढे हे फिल्टररचे काम स्त्रियांनीही समर्थपणे केले.

युद्ध संपले, जेट विमाने आली आणि माणसाचा हात अपुरा पडू लागला. अमेरिकेने १९५८पासून ‘सेज’ नावाची व्यवस्था सुरू केली. बिनखिडक्यांच्या सिमेंटच्या इमारती आणि त्यांत सुमारे ५० हजार निर्वात नळ्यांचे, २५० टन वजनाचे गणकयंत्र. पडद्यावरील ठिपक्यावर पिस्तुलासारखे उपकरण रोखून माणूस यंत्राला सांगे, “हा बघ, याचा माग ठेव.” (प्रत्येक टेबलात सिगारेट पेटवण्याची सोय आणि रक्षापात्र बसवलेले होते, यावरून ताणाची कल्पना यावी.) म्हणजे इतके करूनही ठिपका कोणाचा, हे ठरवायला माणूस लागतच होता.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. गणिताच्या भेंडोळ्यांत शिरण्याची माझी प्राज्ञा नाही. पण अडचण कोठे आहे ते शाळामास्तराला नक्की कळते. समजा, अमावास्येच्या रात्री शाळेच्या मैदानात दहा मुले पळत आहेत आणि अधूनमधून वीज चमकते, तेवढ्यापुरती ती दिसतात. चेहरे दिसत नाहीत, फक्त आकृत्या. एका चमकीतील दहा आकृत्यांच्या दुसऱ्या चमकीतील दहांशी जोड्या लावायच्या. तीन मुले असती तर सहा प्रकारे जोड्या लागतील, पाच असतील तर १२० प्रकारे. दहांना? ३६,२८,८००! हे फक्त एका चमकीचे. शिवाय एखादे पोर झाडाआड असते, एखादे नवे कुंपणावरून आत येते, आणि एखादी आकृती मूल नसून कुत्रे असते. रडारला पाऊस, पक्षी आणि लाटा हेच करतात.

बुडापेस्टला जन्मलेल्या रुडॉल्फ कालमान यांनी १९६०मध्ये एक रीत दिली: आधी अंदाज बांधा, मग प्रत्यक्ष मोजमाप पाहा आणि ज्याचा भरवसा जास्त त्याला जास्त झुकते माप देऊन दोहोंचा मेळ घाला. अपोलो यान चंद्राकडे नेताना ही रीत वापरली गेली. पण मोजमाप त्याच विमानाचे आहे हे ती गृहीत धरते, आणि आपला प्रश्न तर तोच!

अंदाजाच्या जवळचा ठिपका घ्यावा म्हटले, तर जवळ म्हणजे काय? येथे या कथेत एक भारतीय माणूस येतो, आणि तोही नागपूरमार्गे. १९२०च्या नागपूरच्या सायन्स काँग्रेसमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांची नेल्सन अॅनन्डेल या प्राणिशास्त्रज्ञाशी गाठ पडली. अॅनन्डेल यांनी कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीराची मापे घेतली होती. त्यांचा अर्थ लावण्याचे काम महालनोबिसांकडे आले. त्यातून वाढत वाढत १९३६ साली त्यांनी अंतराची नवी व्याख्या मांडली. जेथे मोजमाप मुळातच सैल तेथे मोठे अंतरही थोडे समजायचे, जेथे ते पक्के तेथे थोडे अंतरही पुष्कळ. चेन होमलाच हे लावून पाहा: दिशेत दोन मैल सरकलेला ठिपका आपला असू शकतो, पण ठाण्यापासूनच्या अंतरात दोन मैल चुकलेला बहुधा परका. आज विमानाच्या अंदाजाभोवती जे ‘फाटक’ आखतात आणि त्याबाहेरचे ठिपके दारातूनच परत पाठवतात, ते महालनोबिसांच्या मापाने. माणसांच्या मापांसाठी काढलेली पट्टी आकाशात चालली, याचे मला फार कौतुक वाटते.

पण फाटकातही दोन-तीन ठिपके येतातच. रॉबर्ट सिटलर यांनी १९६४मध्ये हा प्रश्न संभाव्यतेच्या भाषेत नीट मांडला. याकोव्ह बार-शालोम आणि एडिसन त्से यांनी १९७५मध्ये तोड काढली ती तडजोडीची: फाटकातील प्रत्येक ठिपक्याला थोडा थोडा मान द्यायचा. दोन विमाने अगदी जवळून गेली की मात्र अशा तडजोडीत दोघांचे माग एकमेकांत मिसळू शकतात. १९७९मध्ये अमेरिकेतील डोनाल्ड रीड यांनी वेगळी वाट धरली. निर्णयच घ्यायचा नाही! हा ठिपका जुन्या मागाचा असेल, नव्या विमानाचा असेल किंवा निव्वळ भास असेल. सगळ्या शक्यता जिवंत ठेवायच्या, प्रत्येकीला तिच्या वजनाचा आकडा द्यायचा आणि पुढचे ठिपके येतील तसतसे आकडे बदलायचे. आज धूसर असलेली गोष्ट उद्याच्या पुराव्याने मागे जाऊन उलगडते. कादंबरी लिहिताना मीही एखाद्या पात्राचे तीन शेवट बरेच दिवस मनात बाळगतो, त्यामुळे या गृहस्थाशी माझे लगेच जमले.

अडचण एवढीच की शक्यतांच्या फांद्यांना फांद्या फुटतात आणि बघता बघता कोणतेही यंत्र गुदमरते. म्हणून छाटणी करावी लागते. पुढे रूढ झालेल्या एका रीतीत रडारच्या ठरावीक फेऱ्यांपर्यंत, समजा तीन-चार, संशय चालू देतात. मग सर्वांत जुन्या संशयाचा निकाल लावून त्याच्या उरलेल्या फांद्या तोडून टाकतात आणि नव्या फेरीकडे वळतात. स्टॅनमोरच्या टेबलावरही, काटा पुढच्या रंगात गेला की मुली मागच्या रंगाच्या चकत्या उचलीत असत.