लव्हाळ्याच्या टरफलातला इतिहास

पावसाळ्यात बांधावर लव्हाळा माजला की शेतकरी त्याच्या नावानं बोटं मोडतो. तुकोबांनी मात्र त्यालाच नम्रतेच्या दाखल्याचा मान दिला. त्याचा दांडा एकदा बोटांत धरून फिरवून पाहा. गवताच्या काडीसारखा तो गोल लागत नाही, तीन कडा बोटांना जाणवतात. दिसायला गवतासारखा असला, तरी लव्हाळा गवताच्या कुळातला नव्हेच. त्याचं, मोथ्याचं आणि नागरमोथ्याचं कुळ वेगळं. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ज्यूस्यू यांनी १७८९ मध्ये ते मांडलं.

वर्गात शिकवताना कित्येक वर्षं मी त्याच्या तुऱ्यातल्या दाण्याला सरळ ‘बी’ म्हणत आलो. खरं तर तो दाणा म्हणजे एक अख्खं फळ असतं. गव्हाच्या दाण्यात फळाची साल आणि बियाची साल एकजीव झालेली असते. लव्हाळ्याच्या कुळात बाहेर फळाचं कडक कवच असतं आणि आत एकच बी सुटं राहतं, फक्त बुडाशी जोडलेलं. पुस्तकांत याला कृत्स्नफळ म्हणतात. हा भेद परीक्षेतल्या दोन गुणांपुरता, असं मला वाटे. त्याचं खरं मोल कळलं ते अबू हुरेराची हकिगत वाचल्यावर.

अबू हुरेरा हे सिरियात, युफ्रेटिस नदीच्या काठी होतं. सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वी तिथं शिकार करणारे आणि रानातलं धान्य गोळा करणारे लोक राहत. नदीवर धरण होणार, गावठाण बुडणार, म्हणून १९७२ आणि १९७३ मध्ये अँड्र्यू मूर यांनी घाईघाईनं तिथं उत्खनन केलं. खणलेली माती पाण्यात सोडली, की माती खाली बसे आणि हजारो वर्षांपूर्वीचे जळके दाणे वर तरंगत. हे दाणे ओळखण्याचं काम गॉर्डन हिलमन यांनी केलं. त्यांत लव्हाळ्याच्याच कुळातल्या, नदीकाठच्या दलदलीत वाढणाऱ्या एका वनस्पतीची फळं भरपूर निघाली.

आता प्रश्न असा, की ही फळं माणसांनी खाल्ली होती का? नेओमी मिलर यांनी १९९६ मध्ये शंका काढली, की हे दाणे जनावरांच्या पोटातून शेणात आणि शेणातून चुलीत आले असतील. शंका रास्तच होती. या फळांचं कवच इतकं चिवट, की ते पोटातूनही निभावतं आणि विस्तवातूनही. हिलमन आणि त्यांचे सहकारी मात्र हे माणसाचं अन्नच होतं, या मतावर ठाम राहिले.

दुसरा प्रश्न त्याहून मुळातला होता: ही वनस्पती नेमकी कोणती? बरीच वर्षं अशा फळांना समुद्रकाठच्या खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या जातीचं नाव दिलं जाई. दरम्यान दक्षिण आफ्रिकेत ब्राउनिंग आणि गॉर्डन-ग्रे यांनी १९९३ मध्ये दाखवून दिलं, की या गटातल्या जाती फळाच्या कवचाच्या थरांवरून वेगळ्या ओळखता येतात. कवच आडवं कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, की एकीचा बाहेरचा थर जाड, तर दुसरीचा पातळ दिसतो. जळून कोळसा झालेल्या फळातही हे थर टिकून राहतात.

या पद्धतीनं तुर्कस्तान आणि सिरियातली प्राचीन फळं पुन्हा तपासली गेली. २०११ मध्ये निष्कर्ष छापून आला: ती खारी जात नव्हे, मुख्यतः गोड्या पाण्याच्या काठी वाढणारी दुसरीच जात होती. एका टरफलाच्या जाडीवरून त्या माणसांच्या अंगणातलं पाणी बदललं! आणि त्या लेखाच्या लेखकांत खुद्द हिलमनही होते. आपल्याच पिढीनं दिलेलं नाव दुरुस्त करताना त्यांना कमीपणा वाटला नाही. तेव्हापासून वर्गातल्या माझ्या ‘बी’ची मला जरा अधिकच लाज वाटते.

अबू हुरेराचं ते गावठाण धरणाच्या पाण्यात कायमचं गेलं. घरांच्या भिंती गेल्या, चुली गेल्या. मागे राहिली ती चिमूटभर जळकी फळं. एवढ्या मोठ्या पुरातून पुन्हा एकदा लव्हाळ्याचंच कुळ तरलं म्हणायचं.