युनिक्स प्रणालीतील नेटवर्क जोडणीचे सुलभीकरण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

संगणकाच्या इतिहासात सुलभीकरण म्हटले की चित्रमय पडदा आणि माऊस यांचाच उल्लेख होतो. युनिक्स व तत्सम प्रणालींतील नेटवर्क जोडणीचा इतिहास मात्र निराळा आहे. यंत्राचा पत्ता कोणी ठरवायचा, या प्रश्नाचे उत्तर बदलले आणि त्यातून खरे सुलभीकरण घडले. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील महाविद्यालयीन प्रयोगशाळांच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे.

महाराष्ट्रात या इतिहासाचा आरंभ मुंबईत झाला. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने 'अर्नेट' प्रकल्प हाती घेतला. त्यातील आठ संस्थांपैकी जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी या दोन मुंबईतील होत्या. प्रारंभी त्यांच्यातील ई-पत्रे यूयूसीपी पद्धतीने साध्या दूरध्वनीवरून जात. तेथे आयपी पत्त्याची गरजच नव्हती. शेजारच्या यंत्राचा दूरध्वनी क्रमांक, प्रवेशनाम आणि परवलीचा शब्द एका फाईलमध्ये लिहिला की काम भागे.

टीसीपी-आयपीने हे चित्र पालटले. १९८३ च्या ४.२ बीएसडी आवृत्तीत 'इफकॉन्फिग' ही आज्ञा होती. तिने नेटवर्क कार्डाला पत्ता देता येई; परंतु यंत्र बंद होताच तो नाहीसा होई. म्हणून तीच ओळ यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाईलमध्ये लिहावी लागे. गेटवे आणि नामसेवक यांची नोंद वेगळीच. तीस संगणकांच्या प्रयोगशाळेत हे तीस वेळा करायचे. त्यात एकच पत्ता चुकून दोन यंत्रांना दिला गेला, तर दोन्ही अडखळत आणि दोष शोधण्यातच तासिका संपे.

१९८५ च्या 'बूटपी' संकेताने पत्ते एका सर्व्हरवर आणले. तथापि प्रत्येक कार्डाची नोंद आधी करावीच लागे. ऑक्टोबर १९९३ मध्ये 'डीएचसीपी' आला आणि तीही अट गेली. यात सर्व्हर पत्ता मुदतीने देतो. मुदत वाढवून घेतली नाही, तर तो परत येतो. खंडाने जमीन देण्याची रीत ठाऊक असलेल्यास हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही.

यानंतर साधनांची मात्र गर्दी झाली. रेड हॅट आणि डेबियन यांनी मांडणीच्या फाईली वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या. २००४ मध्ये 'नेटवर्कमॅनेजर' आला, २०१३ मध्ये 'सिस्टमडी'ने कार्डांची नावे ठेवण्याची रीत बदलली, तर २०१७ मध्ये उबुंटूने 'नेटप्लॅन' स्वीकारला. वायफाय बदलत फिरणाऱ्या लॅपटॉपधारकाची यातून सोय झाली, हे मान्य करावे लागेल. प्रयोगशाळा साहाय्यकाला मात्र दर काही वर्षांनी नवी फाईल आणि नवी आज्ञा शिकावी लागली. त्याला सुलभीकरण म्हणणे अर्धसत्य ठरते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्सचे पाठ मराठीत उपलब्ध केले आहेत, ही मोठीच सोय. परंतु जुन्या पाठ्यपुस्तकांत 'इफकॉन्फिग' आहे आणि २०१७ च्या डेबियन ९ पासून ती आज्ञा मूळ मांडणीत येत नाही. तिचे काम 'आयपी' ही आज्ञा करते. पुस्तकाप्रमाणे आज्ञा देणाऱ्या विद्यार्थ्याला पडद्यावर 'आज्ञा सापडली नाही' एवढेच उत्तर मिळते, आणि चूक आपलीच असे तो समजतो.