लाल रेषांवर लेसरची मात्रा

लाजेने आरक्त झालेले गाल हा कवींच्या कौतुकाचा विषय आहे. मात्र हीच लाली क्षणभरात ओसरण्याऐवजी चेहऱ्यावर कायमचे ठाण मांडते आणि नाकपुड्यांच्या कडेला, गालांवर वा हनुवटीवर तांबड्या-जांभळ्या बारीक रेषांचे जाळे दिसू लागते, तेव्हा कौतुकाची जागा चिंता घेते. अशा रेषा आणि लाली घालविण्यासाठी लेसर उपचार आता महानगरांबाहेरील अनेक त्वचारोगतज्ज्ञांकडेही उपलब्ध आहेत. योग्य रुग्णाला योग्य यंत्राने दिलेला हा उपचार निश्चितच परिणामकारक ठरतो. परंतु लेसर रक्तवाहिनी मिटवतो; ती का फुगली, याचे कारण मिटवत नाही. म्हणूनच उपचारापूर्वी दोन गोष्टींचा निवाडा व्हावा लागतो. पहिली लालीचे निदान आणि दुसरी रुग्णाच्या त्वचेचा वर्ण.

लालीचे मूळ

त्वचेच्या वरच्या थराखाली केसाहूनही बारीक अशा रक्तवाहिन्यांचे जाळे असते. उष्णता, भावनावेग वा श्रम यांमुळे त्या प्रसरण पावतात आणि पुन्हा आकुंचन पावून पूर्ववत होतात. काही कारणाने त्यांची ही लवचिकता हरपली, की त्या कायमच्या रुंदावतात आणि नुसत्या डोळ्यांना दिसू लागतात. वैद्यकात या अवस्थेला टेलँजिएक्टेशिया म्हणतात. चेहऱ्यावरील अशा वाहिन्यांची रुंदी साधारणतः एक मिलिमीटरपेक्षा कमी असते.

यामागची कारणे अनेक आहेत. वर्षानुवर्षे सोसलेले ऊन, आनुवंशिकता आणि वाढते वय ही त्यांपैकी नेहमीची. गर्भारपणात तसेच यकृताच्या जुनाट विकारात कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या बारीक वाहिन्या उमटू शकतात. रोझेशिया हा आणखी एक महत्त्वाचा विकार. बहुधा तिशीनंतर सुरू होणाऱ्या या विकारात ऊन, गरम चहा, तिखट जेवण, मद्य किंवा मानसिक ताण यांचे निमित्त होऊन चेहरा तापतो, लाल होतो आणि पुढे ही लाली टिकून राहते. रोझेशिया हा केवळ गोऱ्या युरोपीयांचा आजार, असा समज दीर्घकाळ रूढ होता. प्रत्यक्षात सावळ्या त्वचेवर लाली चटकन नजरेत भरत नाही. त्यामुळे आग होणे आणि बारीक पुटकुळ्या येणे या लक्षणांना मुरुमे समजून भलतेच उपचार केले जातात.

गालांवर आणि नाकावर फुलपाखराच्या आकाराची लाली, सोबत सांधेदुखी, ताप, केसगळती असेल, तर ल्युपस या आजाराची शक्यता आधी पडताळावी लागते. त्यासाठी रक्ततपासणी आवश्यक असते. अशा रुग्णाला सौंदर्योपचाराच्या खुर्चीत बसविणे म्हणजे मूळ आजाराचे निदान लांबणीवर टाकणे होय.

प्रकाश रक्ताला कसा गाठतो?

थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये अमेरिकेत पहिला लेसर कार्यान्वित केला. त्यानंतर काही वर्षांतच त्वचेवर त्याचे प्रयोग सुरू झाले. रक्तवाहिन्यांसाठी आरंभी वापरलेल्या आर्गॉन लेसरचा निळा-हिरवा प्रकाश रक्तात शोषला जात असे. परंतु तो अखंड वाहत असल्याने उष्णता आजूबाजूच्या त्वचेत झिरपे आणि व्रण राहण्याचा धोका असे.

या अडचणीवरील तोडगा रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या अमेरिकी संशोधकांनी १९८३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडला. त्यांच्या सिद्धान्ताचा गाभा सोपा आहे. लक्ष्य असलेल्या घटकालाच अधिक शोषता येईल अशा तरंगलांबीचा प्रकाश निवडावा आणि तो इतक्या अल्पकाळ सोडावा, की उष्णता शेजारी पसरण्यापूर्वीच काम आटोपेल. येथे लक्ष्य असते ते रक्तातील हिमोग्लोबिन. ते प्रकाश शोषून तापते, ती उष्णता वाहिनीच्या भिंतीला पोहोचते, भिंत मिटते आणि पुढील काही आठवड्यांत शरीर त्या निकामी वाहिनीचा निचरा करते. वाहिनी जितकी बारीक, तितकी ती लवकर निवते. म्हणून बारीक वाहिनीला प्रकाशाचा आखूड झोत आणि जाड वाहिनीला लांब झोत द्यावा लागतो. हा काळ मिलिसेकंदांत मोजला जातो.

यंत्रायंत्रांतील भेद

‘लेसर’ या एका शब्दाखाली प्रत्यक्षात अनेक यंत्रे येतात. त्यांतील मुख्य अशी :

पल्स्ड डाय लेसर : तरंगलांबी ५८५ वा ५९५ नॅनोमीटर. लहान मुलांच्या चेहऱ्यावरील जन्मजात तांबड्या डागांसाठी हा प्रामुख्याने विकसित झाला. पसरलेली लाली आणि बारीक वाहिन्या यांवर आजही तो प्रमाणभूत मानला जातो. जोरकस मात्रेत दिल्यास जांभळे डाग उमटतात आणि ते जाण्यास एक ते दोन आठवडे लागतात.

केटीपी लेसर : तरंगलांबी ५३२ नॅनोमीटर. नाकाजवळच्या सुट्या, लाल रेषांवर उत्तम. जांभळे डाग सहसा पडत नाहीत.

लाँग पल्स्ड एनडी-याग लेसर : तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर. त्वचेत खोलवर जातो. निळसर, जाड वाहिन्यांसाठी उपयुक्त.

आयपीएल : हा खऱ्या अर्थाने लेसर नव्हेच. विविध तरंगलांबींच्या प्रकाशाचा हा तीव्र झोत असून गाळण्या लावून त्याची कक्षा मर्यादित केली जाते. केस काढण्यासाठी ठेवलेले असे यंत्र लालीसाठीही सरसकट वापरणे धोक्याचे ठरू शकते.

सावळ्या त्वचेचे गणित

हार्वर्डमधील त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये उन्हाला मिळणाऱ्या प्रतिसादानुसार त्वचेची वर्गवारी मांडली. पुढे तिचे सहा प्रकार रूढ झाले. बहुसंख्य भारतीयांची त्वचा त्यांतील चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडते. या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य अधिक असते. उन्हापासून संरक्षण करणारे हे वरदान लेसरच्या बाबतीत मात्र अडचणीचे ठरते, कारण मेलॅनिनही प्रकाश शोषते आणि ते असते रक्तवाहिनीच्या वर. वाहिनीसाठी निघालेला प्रकाश वाटेतच अडविला जातो आणि वरची त्वचा भाजते. त्याचा परिणाम म्हणून काळे वा पांढरे डाग उमटू शकतात. ते बहुधा कालांतराने फिके होतात; तथापि लाल रेषेच्या जागी कित्येक महिने टिकणारा काळा डाग येणे, हा कोणालाही मान्य होणारा सौदा नव्हे.

तरंगलांबी वाढते तशी मेलॅनिनची शोषणक्षमता घटते. त्या दृष्टीने ५३२ नॅनोमीटरचा प्रकाश सावळ्या त्वचेला सर्वांत जोखमीचा, ५९५चा त्याहून सौम्य आणि १०६४चा मेलॅनिनपुरता सर्वांत सुरक्षित. पण १०६४ नॅनोमीटरला रक्तही प्रकाश कमीच शोषते. त्यामुळे ऊर्जा वाढवावी लागते आणि ती थोडी जरी अधिक झाली, तरी खोलवर भाजून व्रण राहू शकतो. नाकपुडीसारख्या नाजूक जागी हा धोका विशेष संभवतो. थोडक्यात, सर्वांसाठी सर्वोत्तम असे एक यंत्र नाही. कमी ऊर्जा, लांब झोत, त्वचेला सतत गारवा आणि बैठकांमध्ये पुरेसे अंतर, या मार्गाने अनुभवी तज्ज्ञ तोल सांभाळतात. कानापुढील वा जबड्याखालील लहानशा जागी चाचणी घेऊन काही आठवडे वाट पाहणे, हा सावळ्या त्वचेसाठी शहाणपणाचा मार्ग होय.

मलमाने आणलेली लाली

आपल्याकडे चेहऱ्यावरील लालीचे एक मोठे कारण घरातच, आरशापुढच्या फळीवर असते. वांग, मुरुमे किंवा काळेपणा घालविण्यासाठी स्टेरॉइडयुक्त मलमे महिनोन्महिने लावली जातात. मैत्रिणीने सुचविलेले, औषध दुकानदाराने दिलेले किंवा डॉक्टरांनी ठरावीक काळासाठी लिहून दिलेले आणि नंतर परस्पर चालू ठेवलेले असे हे मलम असते. आरंभी चेहरा उजळल्यासारखा वाटतो. पुढे त्वचा पातळ होते, वाहिन्या दिसू लागतात, केस वाढतात, पुटकुळ्या येतात. मलम थांबविताच आग आणि लाली उसळते, म्हणून ते पुन्हा लावले जाते. हे एक प्रकारचे व्यसनच होय.

भारतातील विविध केंद्रांवरील त्वचारोगतज्ज्ञांनी केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे सुमारे १५ टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत असल्याचे आढळले. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा १४ स्टेरॉइडयुक्त औषधांची डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विक्री रोखण्यासाठी नियमांत बदल केला. तरीही ट्यूबवरील घटकांची नावे वाचण्याची सवय हाच खरा बचाव होय. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले, की ते साधे प्रसाधन नसून औषध आहे, हे ओळखावे.

अशा चेहऱ्यावर घाईने लेसर मारणे म्हणजे आधीच दुबळ्या झालेल्या त्वचेवर आणखी एक घाव घालणे. आधी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली मलम सोडवावे लागते. त्वचा सावरण्यास कित्येक महिने लागू शकतात. त्यानंतरही ज्या वाहिन्या उरतील, त्यांच्यासाठी लेसरचा विचार करता येतो.

प्रत्यक्ष उपचार

एका बैठकीस साधारणतः १५ ते ३० मिनिटे लागतात. डोळ्यांना संरक्षक आवरण अनिवार्य असते. प्रत्येक झोताला ताणलेले रबर त्वचेवर सुटावे तशी चुणचुण जाणवते. गार फवारा, थंड हवा वा थंड काच यांमुळे वेदना कमी होते आणि वरची त्वचाही वाचते. उपचारानंतर एक ते तीन दिवस सूज आणि लाली राहू शकते. फोड आल्यास मात्र तातडीने डॉक्टरांना दाखवावे.

सामान्यतः चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन ते चार बैठका कराव्या लागतात. उपचारापूर्वी आणि नंतर काही आठवडे उन्हापासून बचाव आणि सनस्क्रीनचा नियमित वापर आवश्यक असतो. उन्हाने नुकतीच रापलेली त्वचा लेसरसाठी अयोग्य मानली जाते. सबब एप्रिल-मेच्या कडक उन्हात भटकंती होणार असेल, तर उपचार पुढे ढकलावा. लग्न तोंडावर आले असताना प्रथमच लेसर करून घेणेही टाळावे. त्यासाठी किमान काही महिने आधी सल्ला घ्यावा.

अपेक्षा किती ठेवावी?

सुट्या, स्पष्ट रेषा लेसरला चांगल्या प्रकारे दाद देतात. पसरलेली लाली कमी होते, पण क्वचितच पूर्णपणे नाहीशी होते. मिटलेली वाहिनी सहसा परतत नाही. परंतु रोझेशिया वा ऊन यांसारखे कारण कायम राहिल्यास शेजारी नव्या वाहिन्या उमटतात आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा बैठक लागू शकते. रोझेशियातील पुटकुळ्या आणि दाह यांसाठी औषधेच घ्यावी लागतात. सौंदर्योपचार म्हणून गणल्या गेलेल्या लेसरचा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

होकार देण्यापूर्वी

रुग्णाने काही प्रश्न निःसंकोच विचारावेत. लालीचे निदान काय? यंत्र कोणते आणि माझ्या वर्णाच्या त्वचेवर त्याचा अनुभव किती? चाचणी घेणार का? यंत्र चालविणारी व्यक्ती त्वचारोगशास्त्रातील पदवी वा पदविका घेतलेली, वैद्यकीय परिषदेकडे नोंदणीकृत आहे का? काळे डाग पडल्यास पुढे काय? चालू असलेल्या गोळ्या, लावलेली मलमे, गर्भारपण, पूर्वी जाड व्रण उठण्याची प्रवृत्ती यांविषयी काहीही लपवू नये. वर्षानुवर्षे लावलेले क्रीम सांगण्यास अनेकांना संकोच वाटतो. पण डॉक्टरांच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची माहिती असते.

जेथे हे प्रश्न टाळले जातात आणि पहिल्याच भेटीत सहा बैठकांचे पॅकेज पुढे केले जाते, तेथून दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यासाठी उठणे हिताचे. चेहऱ्यावरील लाल रेषा बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात आणि त्यांना थोडी सवड देता येते. चुकीच्या उपचाराने उमटलेला व्रण मात्र आयुष्यभर सोबत राहू शकतो.