सांगरीचं झाड आणि धूपदशमी



भाद्रपद शुद्ध दशमीला आपण मंदिरात धूप वाहायला जातो. दशलक्षण पर्वाचा तो सहावा दिवस, उत्तम संयमाचा. संयमाचे दोन भाग आपल्याला लहानपणापासून पाठ आहेत: इंद्रियसंयम आणि प्राणीसंयम. प्राणीसंयमात एकेंद्रिय जीवही येतात, म्हणजे झाडंसुद्धा. आता ही गोष्ट ऐका. याच तिथीला, 1730 साली, जोधपूरजवळच्या खेजडली गावात झाडं वाचवताना 363 माणसं मारली गेली. ती माणसं जैन नव्हती, बिष्णोई होती.

गेल्या हिवाळ्यात मी नागपूरहून एकटीच गाडी घेऊन थरच्या वाळवंटात गेले. सोबत छोटा तंबू, गॅसची शेगडी, गाळण्याचं कापड, डब्यात खाखरे, मुगाचे पापड आणि भाजलेलं पीठ. सूर्यास्ताआधी जेवायचं असल्यामुळे दिवसाचा मुक्काम चार वाजताच ठरवावा लागे. त्यामुळे रात्री अनोळखी रस्त्यावर गाडी चालवायचा प्रश्नच आला नाही. धर्मशाळेच्या आवारात नाहीतर एखाद्या ढाणीत, म्हणजे शेतातल्या वस्तीत, घरच्या बाईला विचारून तंबू टाकायचा. "बासा, एकल्या?" असं प्रत्येक ठिकाणी विचारलं गेलं. घरीही हाच प्रश्न होता. आपल्या साध्वींनाही एकटीने विहाराची परवानगी नाही, हे धाकट्या जाऊबाईंनी आठवण करून दिलं. खरं आहे. पण मी साध्वी नाही, श्राविका आहे. आणि एकटं असण्याचा एक फायदा असतो: एखाद्या जागी दोन तास बसावंसं वाटलं, तर "चला आता" म्हणणारं कुणी नसतं. खेजडलीत मी तशीच बसले.

खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो, खेड्यात जिला सौंदड म्हणतात, तेच झाड. मारवाडात ते वाळवंटाचं कल्पवृक्ष. पाला शेळ्या-उंटांना, सावली पिकाला, आणि कोवळ्या शेंगा माणसांना. या शेंगा उकडून वाळवल्या की झाली सांगरी. इतवारीतल्या किराणा दुकानांत केर-सांगरी मिळते ती हीच. हिरव्या भाजीचा त्याग असतो त्या तिथींना मारवाडी जैन घरांत सांगरीची भाजी होते. कांदा नाही, लसूण नाही, कंद नाही. वाळवंटाने जणू आपल्याच स्वयंपाकघरासाठी बनवलेला पदार्थ. राजस्थानने 1983 साली खेजडीला राज्यवृक्ष केलं.

आता इतिहास. जोधपूरचे महाराजा अभयसिंह यांना बांधकामासाठी चुना हवा होता. चुना भाजायला भट्टी लागते, भट्टीला लाकूड लागतं, आणि वाळवंटात लाकूड कुठे, तर बिष्णोईंच्या गावांत. कारण गुरू जांभोजींनी 1485 साली पंथ स्थापताना जे 29 नियम दिले, त्यांत हिरवं झाड तोडायचं नाही आणि जिवांवर दया करायची, हे होतं. वीस आणि नऊ, म्हणून बिष्णोई. लाकूड वाचावं म्हणून हे लोक मृतदेहही जाळत नाहीत, पुरतात. अडीचशे वर्षं नियम पाळल्यामुळे त्यांच्याकडेच झाडं उरली होती, आणि म्हणून कुऱ्हाडी त्यांच्याकडेच आल्या.

अमृतादेवी नावाच्या बाईने पहिल्या झाडाला मिठी मारली. पैसे दिलेस तर झाड सोडतो, असं माणसांनी सांगितल्याचं बिष्णोई परंपरा सांगते. तिने नकार दिला. लाच देणं हाही तिला धर्माचा अपमान वाटला. तिच्यामागून तिच्या तीन मुली, आसू, रत्नी आणि भागू, आणि मग आसपासच्या गावांतून माणसं येत राहिली. आकडा 363 वर गेला तेव्हा राजाने तोड थांबवली आणि बिष्णोई गावांत झाडं तोडायला, शिकार करायला बंदी केली. आपल्या सरकारने 11 सप्टेंबर हा राष्ट्रीय वनहुतात्मा दिवस ठरवला तो यांच्याच स्मरणार्थ.

ही माणसं घेऊन आलेल्या अधिकाऱ्याचं नाव सगळीकडे एकच सांगतात: गिरधर भंडारी. मैत्रिणींनो, भंडारी, मेहता, सिंघवी ही जोधपूर दरबारातल्या ओसवाल मुत्सद्दी घराण्यांची आडनावं आहेत. आपल्या लग्नपत्रिकांत येणारी. मी स्मारकापाशी बसून होते ती या नावामुळे. त्या माणसाच्या मनात काय होतं याच्याशी माझा वाद नाही. पण एक गोष्ट मला बी.कॉम.पासून माहीत आहे: ज्याच्या हातात वही असते त्याला चुन्याचा भाव दिसतो, झाडाचा दिसत नाही. भट्टीच्या खर्चात लाकूड फुकट धरलं होतं. ते फुकट नव्हतं, एवढंच अमृतादेवीने दाखवून दिलं.

पुढे जैसलमेर. तिथल्या किल्ल्यातल्या ज्ञानभांडारात ताडपत्रांवरचे ग्रंथ शेकडो वर्षं जपले गेले, हे पाहून ऊर भरून येतो. आपला समाज काय जपू शकतो, ते तिथे दिसतं. गावाबाहेर आकलला दगड झालेली झाडं पडली आहेत, सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीची. तिथून पुढे मरुभूमी राष्ट्रीय उद्यान, 1980 साली जाहीर झालेलं, 3162 चौरस किलोमीटरचं. उद्यान म्हटल्यावर फाटक आणि हिरवळ डोळ्यांपुढे आणू नका. गवत, रेती, खेजडी, केरची झुडपं, आणि आत माणसांची गावंही.

हे उद्यान माळढोकाचं. आपल्या महाराष्ट्रात सोलापूरजवळ नान्नजला 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य झालं, आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडेही तो असायचा. आज महाराष्ट्रात तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे; त्याचा शेवटचा मोठा आसरा थर. पंधरा किलोपर्यंत वजनाचा पक्षी, बहुधा एका वेळी एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळे समोरची विजेची तार त्याला वेळेवर दिसत नाही आणि जड शरीर चटकन वळत नाही. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या क्षेत्रातल्या तारा जमिनीखालून न्याव्यात असा आदेश दिला. 2024 मध्ये तो शिथिल करून तज्ज्ञांची समिती नेमली. सममध्ये 2019 पासून अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं केंद्र चालू आहे.

त्या तारांतून जाते ती सूर्याची आणि वाऱ्याची वीज. धूर नाही, कोळसा नाही. आपण तिला स्वच्छ म्हणतो आणि तीही आपल्याला हवीच आहे. कोराडीची राख पाहिलेल्या नागपूरकराला ते वेगळं सांगायला नको. चुनाही राजाला हवाच होता. प्रश्न एवढाच की, खर्चाच्या बाजूला काय लिहिलं आणि काय फुकट धरलं. तार जमिनीखालून न्यायला पैसे जास्त लागतात, तो आकडा लगेच मांडता येतो. पक्ष्याच्या रकान्यात काय लिहायचं?

मला तिथे तीन दिवसांत माळढोक एकदाच दिसला, लांबून, मान उंच करून चालणारा. ढाणीतल्या बाईने सांगितलं, तिच्या सासूच्या काळी ते शेतात यायचे. तिने मला बाजरीची भाकरी आणि सांगरी वाढली, सूर्य मावळायच्या आत, मी न सांगता. बिष्णोई होती. आमच्या नियमांची तिला नीट माहिती होती. तिच्या 29 नियमांतले मला तोवर दोनच ठाऊक होते.

यंदा धूपदशमीला मंदिरातल्या बायकांना मी खेजडलीची गोष्ट सांगणार आहे. उत्तम संयमाचा अर्घ्य चढवताना षट्काय जीवांत वनस्पतिकाय आपण म्हणतोच. त्याला या वर्षी एक गाव आणि एका बाईचं नाव जोडू. आणि सांगरी आणाल तेव्हा पुडीवरचा भाव मुलींना जरूर वाचून दाखवा. मग तिची खरी किंमतही सांगा.