राजकीय माहितीपटावरील कोशनोंद : परीक्षण व संस्करण

राजकीय माहितीपटाविषयी नोंदलेखकाने लिहून दिलेला मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वी पडताळणे, दुरुस्त करणे व कोशाच्या शिस्तीत बसवणे, असे या कामाचे स्वरूप आहे. लेखकाने लिहावे आणि दुसऱ्या जाणकाराने तपासावे, ही मराठी कोशांची जुनी रीत आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांचे ज्ञानकोशाचे काम नागपुरात सुरू होऊन पुढे पुण्याला गेले. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश उभा राहिला. विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव येते, मात्र तो मजकूर ज्यांनी तपासला त्यांचे काम वाचकाला दिसत नाही. राजकीय माहितीपटाच्या नोंदीत या न दिसणाऱ्या कामावरच नोंदीची विश्वासार्हता अवलंबून असते.

अशा नोंदीत तीन गोष्टी एकमेकींत मिसळतात : पडद्यावर काय दिसते, दिग्दर्शकाचे म्हणणे काय आहे आणि माहितीपट तयार झाल्यावर त्याचे काय झाले. कच्च्या मजकुरात या तिन्ही एकाच परिच्छेदात, अनेकदा एकाच वाक्यात येतात. त्या वेगळ्या करणे हे संस्करणाचे पहिले काम आहे. भाषा गुळगुळीत करणे त्यानंतर येते, आणि ते करताना माहितीपटाची धार बोथट होणार नाही याची काळजी घ्यावी लागते. दिग्दर्शकाने सरकारवर थेट आरोप केला असेल, तर नोंदीतही तो थेटच आला पाहिजे. फक्त तो कोणी केला हे स्पष्ट असावे.

कच्च्या नोंदींत सर्वांत जास्त वेळा भेटणारे वाक्य असते : ‘या वादग्रस्त माहितीपटावर बंदी घालण्यात आली होती.’ यातले ‘वादग्रस्त’ काढून टाकावे, कारण त्यातून वाद कोणाचा व कशावर हे काहीच कळत नाही. ‘बंदी’ हा शब्द तर प्रत्येक वेळी तपासावा. प्रमाणपत्र नाकारणे, काटछाट सुचवणे, दूरदर्शनने प्रसारणास नकार देणे आणि स्थानिक पोलिसांनी खेळ थांबवणे या चार वेगळ्या कृती आहेत. त्या करणाऱ्या यंत्रणाही वेगळ्या आणि त्यांविरुद्ध दाद मागण्याचे मार्गही वेगळे. आनंद पटवर्धन यांच्या माहितीपटांवरूनच हे नीट समजते. ‘राम के नाम’ (१९९२) या माहितीपटाला प्रमाणपत्र मिळाले होते आणि राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. नकार दूरदर्शनने दिला होता, आणि अखेर न्यायालयाच्या निर्णयानंतरच तो दूरदर्शनवर दिसला. ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’ (१९९५) याच्या प्रसारणाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००६ मध्ये निकाल दिग्दर्शकाच्या बाजूने लागला. ‘जंग और अमन’ (२००२) याबाबत मात्र केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने २१ काटछाटी मागितल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये तो काटछाटीविना दाखवण्याची मुभा दिली. या तिन्हींना ‘बंदी घातलेले माहितीपट’ म्हणून एका ओळीत बसवले, तर तिन्ही लढ्यांचा तपशील पुसला जातो. प्रमाणपत्राच्या या व्यवस्थेमागे १९७० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या चार शहरांतील गरिबी-श्रीमंतीवरील लघुपटाच्या प्रकरणात न्यायालयाने पूर्वपरीक्षण वैध ठरवले होते. त्याचा उल्लेख एका वाक्यात पुरतो, पण तो असावा.

पटवर्धन यांच्याच ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या माहितीपटाच्या नोंदीत तारखांची शिस्त निर्णायक ठरते. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरातील पोलीस गोळीबार ११ जुलै १९९७ चा. त्यात दहा माणसे मारली गेली. शाहीर विलास घोगरे यांनी त्यानंतर चार दिवसांनी, १५ जुलैला, आत्महत्या केली. घाईत लिहिलेल्या मजकुरात ‘गोळीबारात बळी गेलेले शाहीर’ असे येऊ शकते. ते चूक आहे, आणि त्या चुकीने माहितीपटाचा गाभाच हरवतो, कारण एका शाहिराला जगणे का अशक्य वाटले या प्रश्नापासूनच पटवर्धन यांचे १४ वर्षांचे चित्रीकरण सुरू झाले. घोगरे यांचे गाणे त्याआधी ‘हमारा शहर’ (१९८५) या माहितीपटात आलेले आहे, म्हणून त्या नोंदीकडे प्रतिनिर्देश द्यायलाच हवा. माहितीपटात दिसणाऱ्या कबीर कला मंचाच्या शीतल साठे व सचिन माळी यांनी विधानभवनासमोर स्वतःला पोलिसांच्या हवाली केले ते एप्रिल २०१३ मध्ये, म्हणजे माहितीपट पूर्ण झाल्यानंतर. ही माहिती नोंदीत ठेवावी, पण कथासारात घालू नये.

विदर्भातल्या बुलढाणा जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची नोंद ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९) या माहितीपटाची आहे. दीपा भाटिया दिग्दर्शित हा सुमारे तासाभराचा माहितीपट पत्रकार पी. साईनाथ यांच्या वार्तांकनामागून विदर्भातील शेतकरी आत्महत्यांपर्यंत जातो. शीर्षकाचा खुलासा करताना काळजी घ्यावी लागते. सम्राट नीरोच्या बागेत रात्री माणसे जाळली गेल्याचे वर्णन रोमन इतिहासकार टॅसिटसचे आहे. त्या रात्री पाहुणे म्हणून हजर असलेले लोक कोण होते, हा प्रश्न साईनाथ यांचा. मुंबईतील फॅशन सप्ताहासाठी ५१२ पत्रकार आणि आत्महत्यांच्या वार्तांकनासाठी बोटांवर मोजण्याइतके, ही तुलनाही साईनाथ यांचीच आहे. म्हणून तो आकडा ‘साईनाथ यांच्या मते’ असे म्हणूनच द्यावा.

या नोंदीचा भूगोल नीट तपासावा. ‘अमरावती विभागातील सहा आत्महत्याग्रस्त जिल्हे’ हे वाक्य ओघात खपून जाते. अमरावती विभागात जिल्हे पाच आहेत : अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी जाहीर केलेल्या ३,७५० कोटी रुपयांच्या मदतयोजनेतला सहावा जिल्हा वर्धा, आणि तो नागपूर विभागात येतो. सरसकट ‘बुलढाण्याचा कापूसपट्टा’ लिहिणेही बरोबर नाही. जिल्ह्यात माणसे घाटावर आणि घाटाखाली असा भेद करतात, आणि शेतीही त्याप्रमाणे बदलते. घाटाखाली खामगाव, नांदुरा, मलकापूरकडे कापूस. पूर्णेच्या काठाने खारपाणपट्टा, जिथे विहिरीचे पाणी पिकाला चालत नाही. घाटावर चिखली, मेहकर, लोणारकडे सोयाबीनचा जोर. कापसाच्या भावावर बोलणारी नोंद घाटावरच्या शेतकऱ्यालाही आपोआप लागू होते असे समजू नये. आणि माहितीपटाने ज्या गावाचे नाव घेतले असेल तेवढेच लिहावे. दृश्यावरून अंदाज बांधून गाव किंवा तालुका ठरवू नये.

आकड्यांचा प्रश्न याहून नाजूक. शेतकरी आत्महत्यांचे आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडून येतात, तसेच महसूल प्रशासनाकडूनही येतात. महसूल यंत्रणा प्रत्येक प्रकरण जिल्हा समितीपुढे ठेवून मदतीसाठी ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. मदत एक लाख रुपये. ‘अपात्र’ ठरलेला मृत्यू मदतीच्या यादीत राहत नाही, पण तो घडलेला असतो. २०१४ च्या अहवालापासून राष्ट्रीय विभागाने शेतकरी व शेतमजूर वेगळे मोजायला सुरुवात केली. त्या वर्षी ५,६५० शेतकरी आणि ६,७१० शेतमजूर, असे मिळून १२,३६० मृत्यू नोंदले गेले. आदल्या वर्षीच्या ११,७७२ या आकड्याशेजारी नुसते ५,६५० ठेवले, तर वर्षभरात संकट निम्म्यावर आले असे चित्र उभे राहते, आणि ते खोटे आहे. सातबाऱ्यावर नाव नसलेली शेतकरी बाई या मोजणीत शेतकरी म्हणून येतेच असे नाही, याकडे साईनाथ यांनी सातत्याने लक्ष वेधले आहे. नोंदीत आकडा येईल तिथे तो कोणाच्या यादीतला आणि कोणत्या वर्षाचा, हे त्याच वाक्यात असले पाहिजे. तळटीप पुरत नाही. वाचक आकडा उतरवून घेतो, तळटीप मागे राहते.

नावांबाबत एक गोष्ट इथे ठामपणे सांगितली पाहिजे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी कॅमेरा गेला होता, घरच्यांनी त्या वेळी बोलायला होकार दिला होता, एवढ्यावरून त्यांची नावे कोशात कायमची छापण्याचा अधिकार मिळत नाही. विधवा पत्नी, शाळकरी मुलगी, कर्जाची रक्कम हा तपशील माहितीपटात माणसाच्या आवाजासह येतो. कोशात तो कोरड्या ओळीत उरतो आणि पुढच्या पिढीलाही चिकटतो. दिग्दर्शक, पत्रकार, मंत्री, न्यायाधीश यांची नावे यावीत, घरच्यांची येऊ नयेत.

समांतर नोंदींचा मेळ घालण्याला बुलढाण्यात विशेष अर्थ आहे. जिल्ह्यातल्या आमडापूरचे सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ (२००२) या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकलेला, नोकरी न मिळालेला शेतकऱ्याचा मुलगा आणि आतून पोखरत चाललेले घर तिच्यात आहे. ‘नीरोज गेस्ट्स’ नोंदीतून ‘बारोमास’ कडे प्रतिनिर्देश द्यावा. मात्र कादंबरी हा पुरावा नव्हे आणि माहितीपट ही कादंबरी नव्हे, हे भान ठेवूनच तो द्यावा. विदर्भातील कापूस व आत्महत्यांवरचे ‘कॉटन फॉर माय श्राउड’ आणि ‘बिटर सीड्स’ (दोन्ही २०११) हे माहितीपट बीटी बियाण्यांच्या प्रश्नाकडे वळतात. भारतात बीटी कापसाला मान्यता २००२ ची. बीटीमुळेच आत्महत्या झाल्या की कर्ज, भाव आणि कोरडवाहू शेती यांमुळे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. हे मतभेद दोन्ही बाजूंच्या कारणांसह लिहावेत. ‘काहींच्या मते’ एवढ्यावर सोडू नयेत.

शेवटचा हात फिरवताना श्रेयनामावली माहितीपट पाहूनच जुळवावी, प्रसिद्धिपत्रकावरून नव्हे. महोत्सवातील आणि नंतरच्या प्रतीची लांबी वेगळी असेल तर कोणती प्रत पाहिली ते नोंदवावे. भूतकाळ आणि वर्तमानकाळ एका परिच्छेदात मिसळू नयेत. पुरस्काराचे नाव पूर्ण लिहावे.

घाटावरच्या किंवा घाटाखालच्या कोणा वाचकाला आपल्या गावाचे, पिकाचे वा माणसाचे वर्णन अशा नोंदीत चुकलेले आढळले, तर त्याने पुरावा जोडून ते संपादकांना जरूर कळवावे.