खंडेनवमी आणि वाद्यांचे पडदे

खंडेनवमीच्या दिवशी घरातील आयुधे घासूनपुसून देवापुढे मांडण्याची चाल आमच्या पांढुर्ण्यात साऱ्या मराठी मुलखाप्रमाणेच आहे. शेतकऱ्याचा विळा, सुताराचा रंधा, शिंप्याची कात्री आणि आम्हां वकिलांच्या घरी कायद्याची पुस्तके पाटावर येतात. त्याच सकाळी देवघरातील समया, ताम्हन, घंटा चिंचेच्या कोळाने व राखेने लखलखीत होतात. १९५६ साली राज्यपुनर्रचना होऊन नागपूर पलीकडे गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर ह्या तालुक्यांचा स्वतंत्र जिल्हा झाला. ह्या घडामोडींत खंडेनवमीचा चिंचेचा कोळ मात्र होता तसाच राहिला.

अशाच एका खंडेनवमीस आमच्या हातून एक अपराध घडला. आमच्या दिवंगत वडील बंधूंची एक गिटार घरात आहे. त्यांनी ती नागपुरास शिकत असताना घेतली होती. आता त्यांचा मुलगा वाजवतो. तिच्या मानेवरील धातूचे पडदे, ज्यांस गिटारवाले फ्रेट म्हणतात, काळवंडले होते व त्यांच्या कडेस हिरवट कळंक धरला होता. पडद्यांखालच्या लाकडास लिंबाचे तेल लावतात असे कोठेतरी ऐकले होते. आम्ही विचार केला, तेल काय नि रस काय. समयांसाठी चिरलेले लिंबू हाताशी होतेच. ते पडद्यांवर पिळले, वर राख घेतली आणि भक्तिभावाने घासले. पडदे रुप्यासारखे चमकले. पुतण्याने त्या सायंकाळी देवळातील भजनास साथही केली. पण थंडी पडली तसे लाकूड पांढुरके दिसू लागले, पडद्यांची टोके बाहेर येऊन बोटांस रुतू लागली आणि पाचव्या पडद्याजवळ बारीक चीर गेली. पुतण्या काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरे वाटले असते.

झालेल्या अपराधाचे प्रायश्चित्त म्हणून आम्ही ह्या पडद्यांचा इतिहास धुंडाळू लागलो. तो वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण देवळाच्या व घराच्या पितळेवर चिंच चोळणारे हात सर्वत्र आहेत आणि सतार, वीणा किंवा गिटार असलेली घरेही आता थोडी नाहीत.

पडद्यांचा शास्त्रोक्त लेख शोधू जाता तो महाराष्ट्राच्या भूमीवरच सापडतो. तेराव्या शतकात देवगिरीस यादव राजा सिंघण ह्याच्या पदरी शार्ङ्गदेव होता. त्याचा आजा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आला. शार्ङ्गदेव स्वतः श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या हिशेबदप्तराचा मुख्य होता. हिशेबनिसाची काटेकोर नजर त्याच्या ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथात पानोपानी दिसते. सहाव्या, वाद्यांच्या अध्यायात किन्नरी वीणेचे वर्णन करताना त्याने पडद्यांस ‘सारिका’ म्हटले आहे. त्या गिधाडाच्या छातीच्या हाडाच्या कराव्या, धातूच्याही चालतात, आणि जळक्या कापडाची मस मेणात कालवून त्या दांड्यावर बसवाव्या, असा त्याचा विधी आहे. वाद्य वापरात असता हाताचा घाम व धूळ लागणार, सारिका कधी हलणार, कधी बदलावी लागणार, हे कारागिराच्या मनात तेव्हाच असले पाहिजे. मेण ऊन करताच सारिका सुटते आणि दांड्याच्या लाकडास धक्का लागत नाही. तंजावरच्या सरस्वतीवीणेचे चोवीस पडदे आजही मेणातच बसवितात.

पुढे सतारीने दुसरी वाट धरली. तिचे पडदे कमानीसारखे वाकलेले असून दोऱ्याने दांड्यास बांधलेले असतात. रागाप्रमाणे वादक पडदा किंचित वरखाली सरकवतो. नवलाची गोष्ट अशी की युरोपातील ल्यूट आणि आरंभीची गिटार ह्यांचे पडदेही असेच बांधलेले असत, फक्त दोऱ्याऐवजी आतड्याच्या तातीचे. ते कोठे बांधावे ह्याचा एक नियम व्हिन्चेन्झो गॅलिलेई ह्याने १५८१ साली छापला: तारेची जी लांबी उरली असेल तिचा अठरावा भाग सोडून पुढचा पडदा बांधावा. हा व्हिन्चेन्झो म्हणजे दूरदर्शीतून गुरूचे उपग्रह पाहणाऱ्या गॅलिलिओचा बाप. कालांतराने गिटारीच्या ताती जाऊन धातूचे पडदे आले आणि ते लाकडात खाच पाडून कायमचे ठोकले गेले. सतारीचा पडदा रूढीसारखा आहे, प्रसंग पाहून तो सरकतो. गिटारीचा पडदा लिखित कायद्यासारखा आहे. एकदा ठरला की ठरला. म्हणूनच त्याच्या बुडाशी असलेल्या लाकडास जपण्याचा प्रश्न गिटारीत अधिक बिकट झाला. पोर्तुगीज अमलात पाश्चात्य तंतुवाद्ये गोमंतकात रुजली. तेथील दमट हवेत पडद्यांस कळंक किती लवकर चढतो, हे त्या बाजूच्या वाचकांस सांगावयास नको.

आता पडदे घासण्याच्या कलेकडे वळू. त्यासाठी मिरजेस गेले पाहिजे. मिरजेच्या सतारी व तंबोरे हिंदुस्थानभर नावाजलेले आहेत. २०२४ साली दोहोंस भौगोलिक मानांकनही मिळाले. ह्या धंद्याचा मूळपुरुष फरीदसाहेब सतारमेकर. तो ज्या घराण्यातला, ते शिकलगारांचे घराणे. शिकलगार म्हणजे तलवारी, कट्यारी ह्यांस धार व झिलई देणारा. इंग्रजी अमलात तलवारीचे दिवस सरले, हाताला काम उरले नाही. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पटवर्धनांच्या मिरज संस्थानात ह्या मंडळींनी तंबोऱ्यांच्या दुरुस्तीस हात घातला आणि दुरुस्त करता करता ती नवी वाद्ये घडवू लागली. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, कला शिकलगारांची. पुढे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेस राहिले, तेव्हा ह्या कारागिरांस चोखंदळ कानही लाभले. खंडेनवमीस ज्या शस्त्रांची आपण पूजा करतो, त्यांना झिलई देणाऱ्या हातांतूनच आपली सतार आली, हे समजल्यावर आम्हांस आमच्या लिंबाची अधिकच लाज वाटली. कारण शिकलगाराची विद्या केवळ घासण्याची नव्हे. कोठे थांबावे हे त्याला कळते. प्रत्येक घासणीस धातूचा एक सूक्ष्म थर जातो, आणि पाते किती उरले ह्याचा हिशेब त्याच्या बोटांत असतो.

गिटारीच्या पडद्यासही हाच हिशेब लागू आहे. तो बहुधा जर्मन सिल्व्हरचा असतो. नाव रुप्याचे असले तरी त्यात रुपे नसून तांबे, जस्त व निकेल असते. त्यातील तांब्यास घाम व हवा लागून कळंक चढतो. पडद्याचा माथा गोल असतो आणि तार त्या माथ्याच्या ऐन शेंड्यावर टेकते. जोराने घासून माथा सपाट झाला की टेकण्याची जागा सरकते आणि स्वर किंचित बिघडतो. खालची पट्टी पुष्कळदा शिसवीची किंवा आबनुसाची असते. आबनूस हा आपल्या सातपुड्यातील तेंदूच्याच कुळातला. ज्याच्या पानांच्या विड्या वळतात त्या तेंदूच्या जुन्या खोडाचा गाभाही काळा आबनुसी निघतो. ह्या लाकडांवर बहुधा रोगण नसते. पाणी व आंबट रस त्यांत जिरतो, लाकूड फुगते. मग सुकताना ते आकसते व पडद्यांची टोके उघडी पडतात. समई अखंड धातूची असते, म्हणून तिला चिंच सोसते. गिटारीस ती सोसत नाही.

म्हणून जाणत्या कारागिरांकडून शिकलेली रीत येथे देतो. प्रथम तारा सैल करून काढाव्यात. दोन पडद्यांमधील लाकूड रंगारी वापरतात त्या कागदी चिकटपट्टीने पूर्ण झाकावे. पडदा तेवढा उघडा ठेवावा. विजेची गिटार असेल तर तिचे चुंबकही झाकावेत, नाहीतर पोलादाचा कीस त्यांस चिकटून बसतो. मग ०००० ह्या क्रमांकाचे, अगदी तलम स्टील वूल घेऊन पडदा त्याच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने पुसावा. दाब देऊ नये आणि चमक येताच थांबावे. मऊ कुंचल्याने कीस झाडावा. पट्टी उपटू नये, सावकाश सोलावी. शेवटी लाकूड उघडे असेल तर पातळ खनिज तेलाचे दोनचार थेंब फडक्यावर घेऊन पुसावे व उरलेले तेल कोरड्या फडक्याने लगेच टिपावे. बाजारात ‘लेमन ऑइल’ म्हणून मिळते ते पुष्कळदा असलेच, लिंबाचा वास दिलेले खनिज तेल असते. आमचा मुलूख संत्र्यांचा. लिंबू, संत्रे ह्यांचा रस म्हणजे तेल नव्हे, एवढे आम्हांस तरी कळावयास हवे होते. पट्टीवर रोगण असेल, जसे मेपल ह्या फिक्या लाकडावर असते, तर तेलाचे काम नाही, आणि स्टील वूल रोगणास लागू देऊ नये. पडद्यांवर तारांच्या खोल खाचा पडल्या असतील तर तो प्रांत घासणीचा नसून कारागिराचा आहे.

सतारीची गोष्ट वेगळी. तिच्या पडद्यांखालून तरफेच्या तारा जातात आणि पडदे दोऱ्यावर जगतात. पितळेचा लेप तेथे गळला तर तारा गंजतात व दोरा कुजतो. वादन संपताच कोरड्या मऊ फडक्याने पडदे पुसणे हीच तिची खरी निगा. मेणावर बसविलेल्या वीणेस ऊन पाणी व उन्हाचा ताव दोन्ही वर्ज्य.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, पूजेच्या दिवशी एवढी सावधगिरी कशाला? भाव शुद्ध असला म्हणजे झाले. आम्ही वकील असल्यामुळे ह्यावर एक निवाडा सांगतो. उज्जैनच्या महाकालेश्वराच्या लिंगाची झीज होत असल्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. भाविकांनी लिंगास घासू नये, असा आदेश न्यायालयाने १ सप्टेंबर २०२० रोजी दिला. घासणारे सारे भक्तच होते. त्यांच्या भावाविषयी कोणाचीच तक्रार नव्हती. प्रश्न झिजणाऱ्या वस्तूचा होता. कळंक बाहेरून आलेला असतो, तो काढावा. त्याखालचा धातू, लाकूड, पाषाण आपल्याकडे पुढच्यांची ठेव म्हणून असतो. त्याला हात लावण्याचा अधिकार आपल्या भक्तीसही नाही.

बंधूंची गिटार नागपुरातील एका कारागिराने नीट करून दिली. त्याने काही पडदे काढून नवे बसविले आणि शिसवीचाच भुसा सरसात कालवून चीर भरली. वाद्य पुन्हा सुरात आले. चिरेची रेघ मात्र उजेडात धरली की दिसते, आणि ती दिसावी हेच योग्य.

गेल्या खंडेनवमीस पुतण्याने स्वतः फडके घेतले. आम्ही शेजारी बसून समया घासल्या. पूजेच्या वेळी हळदकुंकू गिटारीच्या पेटीस लावले आणि गिटारीवर एक कोरडे झेंडूचे फूल ठेवले. सायंकाळी ती देवळात वाजली.